फुटबॉलचा हिशेब, ई-स्पोर्ट्सची पैज

फुटबॉलच्या सामन्यावर बुकी जो भाव देतो, ती त्या निकालाच्या शक्यतेची किंमत असते. युरोपात रूढ असलेल्या दशांश पद्धतीत २.५० हा भाव म्हणजे शंभर लावून पैज जिंकली, तर मूळ रकमेसह अडीचशे परत. एकाला भावाने भागले की बुकीच्या लेखी त्या निकालाची शक्यता किती ते कळते: १ भागिले २.५० म्हणजे ४० टक्के. समजा, यजमानांच्या विजयाला २.१०, बरोबरीला ३.४० आणि पाहुण्यांच्या विजयाला ३.६० असे भाव आहेत. तिन्ही शक्यता अनुक्रमे ४७.६, २९.४ आणि २७.८ टक्के येतात आणि त्यांची बेरीज होते १०४.८. खऱ्या शक्यतांची बेरीज शंभरच असते; वरचे ४.८ हे बुकीचे मार्जिन. फुटबॉलवर पैज लावण्याची प्रत्येक गंभीर पद्धत या बेरजेपासून सुरू होते. ‘कोण जिंकेल?’ हा तिचा प्रश्नच नसतो. ‘दिलेला भाव खऱ्या शक्यतेच्या मानाने जास्त आहे का?’ एवढेच तिला पाहायचे असते.

व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धांना, म्हणजे ई-स्पोर्ट्सला, हा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो. काउंटर-स्ट्राइक, डोटा २, लीग ऑफ लेजंड्स, व्हॅलोरंट या प्रमुख खेळांत पाच-पाच जणांचे दोन संघ लढतात आणि बहुतेक सामन्यांना दोनच निकाल असतात. एका संघाला १.५० आणि दुसऱ्याला २.५० भाव असेल, तर शक्यता ६६.७ आणि ४० टक्के, बेरीज १०६.७. मार्जिन दोन्हीकडे प्रमाणात वाटून काढून टाकले, की ६२.५ आणि ३७.५ हे बुकीच्या मनातले आकडे उरतात. ते बरोबर असतील, तर कोणत्याही बाजूने शंभर लावले तरी सरासरीने ९३.७५ परत येतात. म्हणजे काही न कळता पैज लावणाऱ्याचे दर शंभरामागे सव्वासहा रुपये जातात, आणि ज्याला काही कळते त्यालाही आधी ही सव्वासहाची खाई भरून काढावी लागते.

अंकगणित असे सहज पलीकडे जाते. अडचण येते ती खरी शक्यता काढताना.

फुटबॉलमध्ये ती काढण्याची रीत बरीच पक्की झाली आहे. १९८२ मध्ये एम. जे. माहेर यांनी दाखवले, की प्रत्येक संघाची चढाईची ताकद आणि बचावाची ताकद असे दोन आकडे धरले, तर गोलसंख्या प्वासाँ वितरणाने चांगली मांडता येते. अधूनमधून, एकमेकांवर फारशा अवलंबून नसलेल्या घटना ठरावीक काळात किती वेळा घडतील, याची शक्यता हे वितरण देते. यजमान सरासरीने १.५ आणि पाहुणे १.१ गोल करतील असा अंदाज असेल, तर ०-० ची शक्यता सुमारे ७.४ टक्के आणि १-१ ची सुमारे १२.३ टक्के येते. याच रीतीने सगळे गोलफलक मांडून बेरजा केल्या, की विजय, बरोबरी, एकूण गोल, हँडिकॅप (एका संघाला आधीच काही गोलांची सूट धरून लावलेली पैज) अशा हव्या त्या बाजाराचा भाव काढता येतो. १९९७ मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी यात दोन दुरुस्त्या केल्या. कमी गोलांच्या निकालांत दोन्ही संघांचे गोल पूर्णपणे स्वतंत्र नसतात, म्हणून ०-० आणि १-१ सारख्या निकालांना त्यांनी वेगळा गुणक लावला. आणि जुन्या सामन्यांचे वजन काळानुसार कमी करत नेले. त्यांच्या निबंधाचा उघड उद्देशच पैजेच्या बाजारातल्या चुका शोधणे हा होता. या प्रकारच्या कामातून उभ्या राहिलेल्या पैशाचे परिणाम आज इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये दिसतात: ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम आणि ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम हे दोघेही फुटबॉलच्या सांख्यिकी अभ्यासावर आधारलेल्या सट्ट्यातून पुढे आले आहेत.

हे गणित फुटबॉलमध्ये का चालते, याचे उत्तर खेळाच्या नियमांत आहे. गोल दुर्मिळ असतात. मोठ्या लीगमध्ये सामन्याला अडीच ते तीन. शिवाय प्रत्येक गोलनंतर चेंडू मैदानाच्या मध्यावर येतो, तोही गोल खाल्लेल्या संघाकडे. दोन्हीकडे अकरा खेळाडू तेच राहतात. गोल करणाऱ्याला फलकावरच्या आकड्याखेरीज काहीही मिळत नाही. त्यामुळे एक गोल पुढच्या गोलापासून बऱ्यापैकी सुटा राहतो.

ई-स्पोर्ट्समध्ये हा सुटेपणा नियमांनीच मोडलेला आहे. काउंटर-स्ट्राइकच्या प्रत्येक राउंडआधी खेळाडू आपल्या खात्यातल्या पैशांतून शस्त्रे विकत घेतात. पहिल्या राउंडला प्रत्येकाकडे फक्त ८०० डॉलर असल्याने सगळे पिस्तुलांवर खेळतात. तो राउंड जिंकणाऱ्या संघाला पुढच्यासाठी चांगली बंदूक परवडते, हरणाऱ्याला बहुधा परवडत नाही. म्हणून दुसरा राउंडही बऱ्याचदा पहिल्याच्या मागे जातो. सलग हरत गेलेल्या संघाची भरपाई टप्प्याटप्प्याने वाढते, आणि कधी संघ जाणूनबुजून एखादा राउंड पैसे न खर्चता सोडून देतो, म्हणजे पुढच्याला पूर्ण शस्त्रांनिशी उतरता येईल. अशा ठिकाणी ‘प्रत्येक राउंड जिंकण्याची शक्यता ५५ टक्के’ असे धरून केलेला हिशेब फसतो, कारण राउंड एकमेकांना बांधलेले असतात. डोटा २ आणि लीग ऑफ लेजंड्समध्ये हे आणखी ठळक आहे. प्रतिस्पर्ध्याला मारले की सोने मिळते, सोन्याने सामर्थ्य विकत घेता येते, सामर्थ्याने पुढचा बळी सोपा होतो. पिछाडीवरच्या संघाला सावरता यावे म्हणून खेळ बनवणाऱ्या कंपन्या काही प्रतिवजने ठेवतात, पण ती किती जड असावीत हे त्या वेळोवेळी बदलत राहतात. म्हणून ‘एकूण किती बळी’ या पैजेसाठी गोलांचे प्वासाँ वितरण उचलून लावणे ही पहिली आणि सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. तिथे आधी सामना किती मिनिटे चालेल आणि दोन्ही संघ कोणत्या पद्धतीने खेळतील याचा अंदाज हवा. बळींची संख्या त्यातून निघते.

फुटबॉलमध्ये साधारण चौथा हिस्सा सामने बरोबरीत सुटतात आणि कितीतरी डावपेच या बरोबरीभोवती रचलेले असतात. आशियाई हँडिकॅपचा जन्मच तीन निकालांचे दोन करण्यासाठी झाला. ई-स्पोर्ट्समध्ये, दोन गेमच्या गटसामन्यांसारखे अपवाद सोडले, तर बरोबरी नसतेच. तिची जागा मालिकेची लांबी घेते. सामना एक, तीन किंवा पाच गेमचा असतो, आणि इथे शालेय गणितातली संभाव्यता खरोखर कामाला येते. एक गेम जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला संघ तीनपैकी दोनच्या मालिकेत ६४.८ टक्के आणि पाचपैकी तीनच्या मालिकेत ६८.३ टक्के वेळा जिंकतो. शक्यता ७० टक्के असेल, तर हेच आकडे ७८.४ आणि ८३.७ होतात. मालिका जितकी लांब तितकी बलवान संघाची बाजू भक्कम, एका गेमच्या सामन्यात धक्क्याला जास्त वाव. फुटबॉलमध्ये बाद फेरीतल्या एकाच सामन्याकडे आणि अडतीस सामन्यांच्या लीगकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

मात्र काउंटर-स्ट्राइकमध्ये सगळे गेम सारखे नसतात. स्पर्धेसाठी सात मॅप, म्हणजे गेम खेळण्याची रणांगणे, ठरलेले असतात आणि दोन्ही संघ आळीपाळीने काही मॅप बाद करतात, काही निवडतात. तीनच्या मालिकेत पहिले दोन मॅप प्रत्येकी एका संघाच्या पसंतीचे आणि तिसरा उरलेला. समजा, एका संघाची जिंकण्याची शक्यता आपल्या मॅपवर ७५, प्रतिस्पर्ध्याच्या मॅपवर ४५ आणि उरलेल्यावर ६० टक्के आहे. सरासरी ६०च. मालिका जिंकण्याची शक्यता ६५.२५ टक्के निघते, म्हणजे सरसकट ६० धरल्यावर येणाऱ्या ६४.८ पेक्षा नाममात्र वेगळी. पण मालिका तिसऱ्या मॅपपर्यंत जाण्याची शक्यता ४८ वरून ५२.५ टक्क्यांवर जाते आणि २-० ची ३६ वरून ३३.७५ वर येते. विजेता कोण यावरची पैज आणि किती मॅप होतील यावरची पैज या दोहोंना वेगळे ज्ञान लागते, हे या लहानशा उदाहरणात स्पष्ट होते. फुटबॉलच्या सवयीने फक्त ‘संघाची ताकद’ पाहणाऱ्याच्या हातून नेमका हा दुसरा भाग निसटतो.

घरच्या मैदानाचा फायदा हा फुटबॉलच्या प्रत्येक नमुन्यातला ठरलेला घटक. ई-स्पोर्ट्सचे मोठे सामने स्टुडिओत किंवा त्रयस्थ शहरातल्या सभागृहात होतात. तिथे घर आणि पाहुणे ही विभागणी बहुधा अर्थहीन असते. तिच्या जागी वेगळ्या विषमता येतात. ऑनलाइन सामन्यात सर्व्हर कोणत्या शहरात आहे यावर संदेश पोहोचायला लागणारा वेळ ठरतो, आणि दूरचा संघ काही मिलिसेकंदांनी मागे पडतो. काउंटर-स्ट्राइकच्या काही मॅपवर हल्ला करणाऱ्यांना, तर काहींवर बचाव करणाऱ्यांना सोयीचे जाते. लीग ऑफ लेजंड्समध्ये निळ्या बाजूच्या संघाला वर्षानुवर्षे पात्र निवडण्याची पहिली संधी मिळत आली. हे घटक मोजता येतात, पण प्रत्येक खेळात आणि प्रत्येक आवृत्तीत नव्याने मोजावे लागतात.

आवृत्ती हा शब्द या सगळ्याच्या मुळाशी आहे. फुटबॉलचे नियम सावकाश बदलतात. मोठ्या बदलाचे एक ठळक उदाहरण १९२५ चे आहे. ऑफसाइड न ठरण्यासाठी चढाई करणाऱ्यापुढे प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षी ते दोनवर आणले गेले. इंग्लंडच्या पहिल्या विभागातली गोलांची सरासरी एका हंगामात सुमारे अडीचवरून साडेतीनच्या वर गेली, आणि १९२७-२८ मध्ये एव्हर्टनच्या डिक्सी डीनने लीगमध्ये ६० गोल केले. त्या वेळी कोणी गोलांचा नमुना बांधला असता, तर मागच्या दहा वर्षांची आकडेवारी एका उन्हाळ्यात निकामी झाली असती. ई-स्पोर्ट्समध्ये असे १९२५ पुन्हा पुन्हा येते. लीग ऑफ लेजंड्सचा पॅच, म्हणजे खेळात बदल करणारी नवी आवृत्ती, साधारण दर दोन आठवड्यांनी निघतो. एखादे पात्र दुबळे होते, एखादे शस्त्र महागते आणि त्या पात्रावर उभा असलेला संघ अचानक साधारण ठरतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०२३ साली नवी आवृत्ती आली, तेव्हा एका मॅपचे नियमित राउंड जास्तीत जास्त तीसवरून चोवीसवर आले आणि सोळाऐवजी तेरा जिंकणारा विजयी ठरू लागला. ‘एकूण राउंड किती’ या पैजेची जुनी आकडेवारी त्या दिवशी संपली. मॅप आखूड झाल्याने पहिल्या पिस्तूल राउंडचे वजनही वाढले.

डिक्सन आणि कोल्स यांची जुने सामने हळूहळू विसरण्याची कल्पना इथे अतिशय उपयोगी आहे, पण विसरण्याचा वेग वेगळा ठेवावा लागतो. शिवाय ते विसरणे एकसारखे उतरत जाऊन चालत नाही. मोठ्या पॅचच्या तारखेला ती रेषा तुटायला हवी: त्याआधीच्या सामन्यांचे वजन एकदम खाली आणि त्यानंतरच्यांचे पूर्ण. खेळाडूचा नेम, संघातला समन्वय, दबावाखालचे वर्तन यांची माहिती पॅच ओलांडूनही टिकते. कोणत्या पात्राने किती सामने जिंकले, ही माहिती टिकत नाही. फुटबॉलमधून येणाऱ्या अभ्यासकाला दोन्ही प्रकार वेगळे ठेवायला शिकणे सर्वांत कठीण जाते, कारण त्याच्या खेळात ही वेळ त्याच्यावर क्वचितच येते.

संघांची घडणही अशीच अस्थिर असते. फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या खिडक्या आहेत आणि अकरांतला एक बदलला तरी संघ ओळखीचा राहतो. पाचांतला एक बदलला, तर संघाचा पाचवा हिस्सा बदलतो, आणि तो डावपेच ठरवणारा कर्णधार असेल तर त्याहून बरेच जास्त. डोटा २ मधल्या ओजी या संघाची कथा या बाबतीत मोलाची आहे. २०१८ मध्ये जागतिक स्पर्धेच्या काही महिने आधी त्यांचे तीन खेळाडू संघातून गेले. संघाने प्रशिक्षकाला खेळाडू म्हणून उतरवले, जुन्या एकाला परत बोलावले, एक नवखा घेतला, खुल्या पात्रता फेरीपासून सुरुवात केली आणि व्हँकूव्हरला विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी शांघायमध्ये पुन्हा तेच जिंकले. ‘ओजी’ या नावाच्या मागच्या निकालांवरून काढलेला कोणताही आकडा त्या पाच जणांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नव्हता.

बुद्धिबळासाठी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी तयार केलेली मानांकन पद्धत फुटबॉलमध्येही रुळली आहे. फिफाने २०१८ मध्ये पुरुष संघांची क्रमवारी याच तत्त्वावर आणली. सामन्याआधीच्या गुणांवरून अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल वेगळा लागला की गुण सरकवायचे, इतकी ती सोपी आहे. ई-स्पोर्ट्ससाठी मात्र तिची पुढची भावंडे जास्त योग्य ठरतात. मार्क ग्लिकमन यांच्या ग्लिको पद्धतीत गुणांसोबत त्या गुणांबद्दलची अनिश्चितताही नोंदली जाते आणि खेळाडू बराच काळ खेळला नाही तर ती वाढते. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी बांधलेली ट्रूस्किल पद्धत संघाच्या निकालावरून एकेका खेळाडूचे गुण काढते, त्यामुळे संघ फुटला तरी माहिती खेळाडूंबरोबर जाते. तरीही एक भगदाड उरते. कोरिया, चीन, युरोप, अमेरिका इथल्या लीग वर्षातला बराच काळ आपापसातच खेळतात. एका लीगमधले १६०० गुण आणि दुसरीतले १६०० गुण यांची तुलना मोजक्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर टेकलेली असते. जागतिक स्पर्धेच्या सुरुवातीचे भाव डळमळीत असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

आकडेवारी मिळण्याच्या बाबतीत मात्र ई-स्पोर्ट्स फुटबॉलच्या पुढे आहे. फुटबॉलमध्ये फटका कुठून मारला, कोणत्या पायाने मारला हे माणसांनी सामना पाहून नोंदवावे लागले, तेव्हा अपेक्षित गोलांसारखी (एखाद्या फटक्यावर गोल होण्याची शक्यता किती) मोजमापे शक्य झाली. गेममध्ये प्रत्येक गोळी, प्रत्येक पाऊल, प्रत्येक खरेदी सर्व्हरवर आपोआप नोंदली जाते. दहाव्या मिनिटाला इतक्या सोन्याची आघाडी असेल तर विजयाची शक्यता किती, हे हजारो सामन्यांवरून थेट काढता येते. पण याच सोयीमुळे सामना सुरू असताना लावायच्या पैजांमध्ये सामान्य माणूस फार मागे पडतो. फसवणूक टाळण्यासाठी प्रेक्षकांना दिसणारे स्ट्रीम मुद्दाम उशिरा सोडले जाते. बुकीकडे सर्व्हरवरची माहिती त्याआधी पोहोचलेली असू शकते. पडद्यावर पाहून ‘आता बाजू पालटते आहे’ असे वाटून पैज लावणारा अनेकदा भाव बदलून गेल्यानंतरच तिथे पोहोचतो. फुटबॉलमध्ये सामना डोळ्यांनी वाचून चालत्या खेळात पैज लावण्याची जी पद्धत आहे, ती इथे आणू नये.

किती लावायचे, याचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे. बेल लॅब्समधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेले सूत्र असे: भावातून एक वजा करून आलेल्या निव्वळ नफ्याला जिंकण्याच्या शक्यतेने गुणावे, त्यातून हरण्याची शक्यता वजा करावी आणि उत्तराला त्याच निव्वळ नफ्याने भागावे. २.५० भावाला जिंकण्याची शक्यता ४५ टक्के वाटत असेल, तर उत्तर ०.०८३ येते; म्हणजे भांडवलाचे ८.३ टक्के. हीच शक्यता खरी ४० टक्के असेल, तर उत्तर शून्य. अंदाजातली केवळ पाच टक्क्यांची चूक सगळा फायदा पुसून टाकते, आणि शक्यता त्याहूनही कमी असेल तर प्रत्येक पैज तोट्याची ठरते. फुटबॉलमध्येही जाणकार म्हणूनच सूत्राने सांगितलेल्या रकमेच्या निम्मे किंवा चौथाई लावतात. ई-स्पोर्ट्समध्ये अंदाज जास्त ठिसूळ असल्याने तो हिस्सा आणखी लहान असायला हवा. हरल्यावर रक्कम दुप्पट करत जाण्याची जुनी पद्धत तर दोन्हीकडे सारखीच घातक: शंभरापासून सुरू केले आणि सलग सात पैजा हरल्या, तर १२,७०० गेलेले असतात आणि आठव्यासाठी १२,८०० लागतात.

अभ्यास योग्य दिशेने आहे का, हे तपासायला फुटबॉलच्या बाजारातली एक कसोटी इथेही चालते. लावलेला भाव सामना सुरू होतानाच्या शेवटच्या भावाशी ताडून पाहायचा. सातत्याने २.५० ला घेतलेले भाव शेवटी २.३० वर उतरत असतील, तर पद्धतीत काही तथ्य आहे. उलट होत असेल, तर चार विजय मिळाले तरी ते नशिबाचे. लहान ई-स्पोर्ट्स स्पर्धांमध्ये ही कसोटीही दुबळी होते, कारण तिथला शेवटचा भाव थोड्या पैशांवर ठरलेला असतो. शिवाय अशा सामन्यांवर बुकी मोठी रक्कम स्वीकारत नाहीत आणि सतत जिंकणाऱ्याची मर्यादा खाली आणतात.

सगळ्या नमुन्यांच्या मुळाशी एक गृहीतक असते: दोन्ही संघ जिंकण्यासाठी खेळत आहेत. ते ढळते तेव्हा कोणतेही गणित उरत नाही. दक्षिण कोरियात २०१० मध्ये स्टारक्राफ्ट या गेमच्या सामन्यांची निकालनिश्चिती उघड झाली आणि नावाजलेल्या खेळाडूंची कारकीर्द संपली. अमेरिकेत २०१४ मध्ये काउंटर-स्ट्राइकचा एक सामना आयबायपॉवर संघ मुद्दाम हरला. मोबदला गेममधल्या शस्त्रांच्या रंगीत सजावटीच्या, म्हणजे स्किनच्या, रूपात पोहोचला होता आणि २०१५ च्या जानेवारीत काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने संबंधितांवर बंदी घातली. २०२० मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या प्रशिक्षकांनी गेममधल्या एका दोषाचा फायदा घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या हालचाली पाहिल्याचे उघड झाले आणि ई-स्पोर्ट्सच्या सचोटीसाठी २०१६ मध्ये स्थापन झालेल्या इएसआयसी या संस्थेने ३७ जणांवर कारवाई केली. खालच्या पातळीवर बक्षिसे लहान, पगार अनिश्चित आणि पाचांतला एकच जण निकाल फिरवू शकतो, अशी परिस्थिती असते. तिथल्या सामन्याचा भाव कारण नसताना एकदम हलला, तर फुटबॉलच्या सवयीने त्यात संधी शोधू नये.

भारतात हा सगळा विषय अभ्यासापुरता उरतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमधला खेळ म्हणून मान्यता दिली. त्याआधी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय प्रकार असताना, तीर्थ मेहता याने हार्थस्टोन या गेममध्ये कांस्य मिळवले होते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सच्या प्रोत्साहनाची तरतूद केली आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यांसाठी आणि पैशांचे व्यवहार पार पाडणाऱ्यांसाठीही शिक्षा आहेत. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा त्याआधीपासून लागू आहे. परदेशी संकेतस्थळ इथल्या फोनवर उघडते म्हणून त्यावरची पैज कायदेशीर होत नाही, आणि तिथे पैसे अडकले तर ग्राहक म्हणून दाद मागायला इथे जागा नसते.